नोबल, डग्लस की ग्रँड: ओरेगनमधली डिसेंबरची खरेदी

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं आणि तिथून ख्रिसमसपर्यंत हाताशी राहतात जेमतेम चार आठवडे. आम्ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला, बीव्हर्टनमध्ये राहतो. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेआठपर्यंत उगवत नाही. ऑफिसला जाताना अंधार, परतताना अंधार आणि मधल्या वेळात पाऊस. दिवसाउजेडी करायची सगळी कामं शनिवार-रविवारवर येऊन पडतात. त्यातच मुलीच्या, सईच्या, शाळेचा कार्यक्रम, कुणाकडे तरी जेवण, पोस्टाची पार्सलं, आणि खरेदी, भेटवस्तूंपासून ख्रिसमसच्या झाडापर्यंत.

गेल्या डिसेंबरात आई-आप्पा आमच्याकडे होते. आप्पांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. आता ती दादा बघतो, पण आप्पांचं लक्ष तिथेच असतं. आमच्या रात्री आठला तिकडे सकाळचे साडेनऊ वाजतात, तेव्हा दादाला फोन ठरलेला: थंडी किती पडली, फवारणी कुठली घेतली, मणी कितीचा झाला. फोन संपला की समोर मी असायचे, हातात वही आणि वहीत भेटवस्तूंची यादी.

यादीत सईच्या वर्गशिक्षिका, तिला पियानो शिकवणाऱ्या बाई, शाळेच्या बसच्या चालक बाई, शेजारचं म्हातारं जोडपं, नवऱ्याच्या टीममधले चौघं, माझ्या ऑफिसातल्या सीक्रेट सांता या गुपचूप भेट द्यायच्या प्रथेत चिठ्ठीतून निघालेला एक जण, सॅन होजेची मावसबहीण, तिचा नवरा, तिची मुलं, आणि आई-आप्पा परत जाताना नाशिकच्या भाचरांसाठी नेणार होते त्या वस्तू. सईची स्वतःची यादी वेगळी, रंगीत पेनांनी लिहिलेली.

या खरेदीत पैसे जातातच, पण मला खरा ताण येतो तो अंदाज बांधण्याचा. दिवाळीत निफाडला असा अंदाज बांधायची वेळ कधी आली नाही. भाऊबीजेला काय द्यायचं, पाडव्याला काय, घरी काम करणाऱ्या मावशींना किती पैसे आणि कुठली साडी, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असायचं, आणि ज्याला द्यायचं तो माणूस रोज डोळ्यांसमोर असायचा. इथे चिठ्ठीतून आलेलं नाव दुसऱ्या मजल्यावर बसतं, एवढंच मला ठाऊक. त्याला पंचवीस डॉलरच्या आत आवडेल अशी वस्तू शोधायची. तो चहा पितो की कॉफी? मेणबत्तीच्या वासाने डोकं दुखणाऱ्यांपैकी तर नाही ना? माहिती शून्य आणि निवडायला दहा हजार वस्तू. अशा वेळी माणूस दुकानातल्या रांगेत उभा राहून एकच कप पाच वेळा उलटसुलट करून बघतो.

त्यात ओरेगनमध्ये विक्रीकर नाही. कोलंबिया नदी ओलांडली की पलीकडे वॉशिंग्टन राज्य, तिथे विक्रीकर आहे. त्यामुळे तिकडची माणसं मोठ्या खरेदीला नदी ओलांडून अलीकडे येतात. मॉलच्या पार्किंगमध्ये आम्ही गोल गोल फिरत होतो आणि आप्पा प्रत्येक गाडीची नंबरप्लेट वाचत होते. कारण सांगितल्यावर म्हणाले, “मग बरोबर आहे. चार पैसे वाचणार असतील तर माणूस नदी ओलांडणारच.” आतला गोंगाट आणि गाणी आईला सोसवेनात. ती एका बाकावर बसून राहिली. मी दोन मजले पालथे घालून हातात दोनच पिशव्या घेऊन आले, तेव्हा तिने विचारलं, “एवढ्या वेळात एवढंच?” मला रडू यायचं बाकी होतं.

शिक्षकांच्या बाबतीत मात्र माझं मत आता पक्कं झालं आहे. गिफ्ट कार्ड द्यावं, तेही जिथे वह्या, रंग, कागद मिळतात अशा दुकानाचं. इथल्या शाळांतले शिक्षक वर्गासाठी स्वतःच्या खिशातून वस्तू आणतात. हे इतकं सर्रास चालतं की अमेरिकेच्या आयकर कायद्यात अशा खर्चासाठी शिक्षकांना वजावट आहे. ‘जगातली सर्वोत्तम शिक्षिका’ असं लिहिलेला कप त्यांच्याकडे आधीच असतो. मागच्या वर्षीच्या पालकाने दिलेला, आणि त्याच्या आदल्या वर्षीच्याही.

सॅन होजेचं पार्सल एका कुरिअरच्या गोदामात अडकलं आणि मी रोज झोपण्याआधी त्याचा पत्ता काढत बसले. पोचलं शेवटी.

या सगळ्यात सईने विचारलं, “या वर्षी खरं झाड आणायचं?”

आमच्याकडे प्लास्टिकचं झाड होतं. गॅरेजमध्ये खोक्यात, तीन तुकड्यांत, वर्षातून एकदा बाहेर निघणारं. त्याच्या मधल्या तुकड्यातले दिवे लागेनासे झाले होते. सई चौथीत होती. चौथीतल्या मुलांना अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर फुकट प्रवेश देणारा एक पास मिळतो आणि त्याच पासवर राष्ट्रीय वनात जाऊन ख्रिसमसचं एक झाड तोडायचा परवानाही फुकट मिळतो. एरवी माउंट हूडच्या वनात तो पाच डॉलरला आहे. शाळेत हे सांगितल्यापासून तिच्या डोक्यात तेच होतं. पण माउंट हूडच्या बाजूला त्या दिवसांत बर्फ असतं, गाडीला साखळ्या लागतात, आणि आप्पांचे गुडघे बर्फात चालण्याजोगे राहिलेले नाहीत. म्हणून आम्ही मळ्यावर जाऊन झाड आणायचं ठरवलं. अमेरिकेत ख्रिसमसच्या झाडांचं सर्वांत जास्त उत्पादन ओरेगनमध्ये होतं, त्याच्या खालोखाल नॉर्थ कॅरोलायनात. आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात असे कितीतरी मळे आहेत.

आप्पांना हे अजिबात रुचलं नाही. “चांगलं वाढतं झाड पंधरा दिवसांच्या शोभेसाठी तोडायचं? बांधावरची बाभळ तोडायची तरी मी दहादा विचार करतो.” मी म्हटलं, “आप्पा, ही रानातली झाडं नाहीत, लावलेली आहेत.” ते म्हणाले, “लावलं म्हणून काय झालं.” सई हिरमुसली. प्लास्टिकच्या झाडाची बाजू घ्यावी तर तेही फार सोज्वळ नाही. ते बहुधा पीव्हीसीचं असतं, चीनहून जहाजातून येतं आणि शेवटी कचऱ्यात जातं. मॉन्ट्रियलच्या एलिप्सॉस या सल्लागार संस्थेने २००९ साली केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, तेच प्लास्टिकचं झाड वीसेक वर्षं वापरलं तरच ते दरवर्षी खरं झाड आणण्यापेक्षा पर्यावरणाला बरं पडतं. हे मी आप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चला, मळा तरी बघू.” इथे आल्यापासून त्यांना एकही शेत जवळून बघायला मिळालं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

हे मळे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी उघडतात आणि बरेचसे डिसेंबरच्या मध्यावरच बंद होतात, कारण त्या वर्षीच्या तोडणीला काढलेली झाडं संपतात. चांगली झाडं पहिल्या दोन आठवड्यांतच जातात. आम्ही फॉरेस्ट ग्रोव्हच्या पलीकडे, टेकडीच्या उतारावरच्या एका मळ्यावर गेलो. दारातच एका शेडमध्ये कमानीच्या करवती टांगलेल्या, शेजारी उंची मोजायच्या काठ्या, आणि जमिनीवर गुडघे टेकायला ताडपत्रीचे तुकडे. तिथल्या चिखलात त्या तुकड्याची किंमत कळते. पाटीवर सूचिपर्णी झाडांच्या तीन जातींचे दर लिहिलेले: डग्लस आणि ग्रँड, उंची कितीही असो, एकच भाव, नोबलचा भाव मात्र फुटावर.

झाडं निवडताना आमच्या घरात चार मतं होती. सईला नोबल फर हवं होतं. त्याच्या फांद्या आडव्या, ताठ आणि एकमेकींपासून अंतर राखून थरांत येतात, त्यामुळे जड शोभेच्या वस्तूही नीट लटकतात. नवऱ्याला ग्रँड फर हवं, कारण त्याला सगळ्यांत चांगला वास येतो. सुया चुरगाळल्या की संत्र्याच्या सालीसारखा. मला डग्लस परवडणारं वाटत होतं. ते दाट दिसतं आणि सुया मऊ असतात, पण फांद्या लेच्यापेच्या. जड काही लावलं की वाकतात. डग्लसला फर म्हणतात तरी वनस्पतिशास्त्रात ते खऱ्या फरांच्या गटात नाही. आईचं म्हणणं एवढंच होतं की, हॉलमध्ये चालायला जागा राहिली पाहिजे. तिचं म्हणणं सगळ्यांत महत्त्वाचं ठरलं.

कारण उघड्यावर झाडं लहान दिसतात. आमचं छत आठ फुटांचं. खाली स्टँड, वर चांदणी, म्हणजे झाड सात फुटांच्या वर चालणार नाही. माळावर सात फुटांचं झाड कुणाच्याच नजरेत भरत नाही. सई सारखी साडेआठ-नऊ फुटांच्या झाडाकडे धावायची आणि नवरा काठी लावून दाखवायचा. पाऊस सुरू होता. दोनचे तीन वाजले. प्रत्येक झाडाला एक बाजू विरळ निघत होती. मागून एक कुटुंब आलं की वाटायचं, आपण सोडून दिलेलं झाड ते घेतील आणि तेच चांगलं असेल. सई रडवेली झाली, नवरा गप्प झाला. मॉलमध्ये पोटात जसा गोळा आला होता तसाच इथेही यायला लागला.

आप्पा आमच्याबरोबर नव्हतेच. ते दोन ओळींच्या मध्ये उभे राहून पावलांनी अंतर मोजत होते.

मळ्याच्या मालकीणबाई साठीच्या. पावसाळी टोपी, चिखलाने भरलेले बूट. आप्पांना मोजताना बघून त्या स्वतःहून जवळ आल्या. मी दुभाष्याचं काम करायला गेले आणि झाड निवडायचं राहूनच गेलं. आप्पांचा पहिला प्रश्न: “अंतर किती?” बाई म्हणाल्या, “पाच फूट बाय पाच फूट.” आप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला. “म्हणजे एकरी सतराशे झाडं. आमच्या द्राक्षाच्या वेली एकरी सातशे-आठशे.” बाईंनी मान डोलावली: बसतात सतराशे, पण विकण्याजोगी सगळी होत नाहीत. काही मरतात, काहींचा शेंडा मोडतो, काही वाकडीच वाढतात.

“तोडणीला किती वर्षं?”

डग्लस सहा-सात वर्षांत हाताशी येतं, नोबलला आठ ते दहा लागतात. म्हणून त्याचा भाव फुटावर. आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “म्हणजे दहा एकर असतील तर वर्षाला एकाच एकराचं उत्पन्न. बाकीच्या नऊ एकरांना नुसतं सांभाळायचं. विचार तिला, पाणी कसं देतात?” पाणी देतच नाहीत, हे ऐकून त्यांनी मला पुन्हा विचारायला लावलं. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि ही झाडं बहुतेक ठिकाणी पावसाच्या ओलीवरच वाढतात. ठिबक नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोपं लावायची आणि पहिला उन्हाळा ती निभावतील अशी आशा धरायची.

२०२१ च्या जूनमध्ये ती आशा मोडली. २८ जूनला पोर्टलंडमध्ये पारा ११६ फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ ४७ सेल्सिअसवर गेला होता. तो दिवस आम्हालाही आठवतो. आम्ही खिडक्यांना चादरी लावून तळघरात बसलो होतो. बाई म्हणाल्या, त्या वसंतात लावलेली रोपं जवळजवळ सगळी गेली आणि मोठ्या झाडांच्या उन्हाकडच्या बाजूची कोवळी फूट करपून तांबडी झाली. “त्या वर्षीची रोपं असती तर ती आता कुठे खांद्याइतकी झाली असती,” असं म्हणून त्यांनी उतारावरचा एक रिकामा पट्टा दाखवला. आप्पांनी सांगितलं की, निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांवर येतो, मणी तडकतात, आणि आम्ही रात्री बागेत शेकोट्या करून धूर करतो. हे भाषांतर करताना माझा आवाज भरून आला. बाईंनी शेकोट्या किती अंतरावर पेटवता म्हणून विचारलं.

मग त्यांनी भावाचं सांगितलं. २००८ च्या मंदीच्या सुमारास बाजारात झाडं फार झाली होती, भाव कोसळले, कितीतरी शेतकऱ्यांनी लागवड थांबवली, काहींनी मळेच मोडले. झाडाला दहा वर्षं लागत असल्याने त्याचा परिणाम २०१६-१७ पासून जाणवू लागला: झाडं कमी, भाव चढे. आप्पा म्हणाले, “आमच्या लासलगावला कांद्याची लागवड चुकली तर चार महिन्यांत कळतं. इथे कळायला दहा वर्षं जातात, आणि तोवर माणूस म्हातारा होतो.” हे मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या वडिलांचं तसंच झालं.

एका बुंध्यापाशी आप्पा थबकले. झाड तोडलेलं, पण खालच्या दोन-तीन फांद्या तशाच ठेवलेल्या आणि त्यातली एक वर वळून शेंड्यासारखी सरळ उभी राहिलेली. बाईंनी सांगितलं, तोडताना खालचा एक थर राखला तर मुळं जिवंत राहतात, वर आलेल्या फुटव्याला शेंडा करायचा, आणि त्याच बुंध्यावर दुसरं झाड तयार होतं. सगळीकडे ते करत नाहीत, पण या पट्ट्यात करून बघत आहेत. “अगं, हा तर उसासारखा खोडवा!” आप्पा जवळजवळ ओरडलेच. घरी काढलेली हरकत त्यानंतर त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. उलट त्यांनीच सईला हाक मारली आणि म्हणाले, “चल, मी निवडून देतो.”

आप्पांनी झाड निवडलं ते बुडापासून. आम्ही सगळे लांबून आकार बघत होतो; ते खाली वाकून बुंधा बघत होते. खालचा वीतभर भाग सरळ आणि फांद्यांशिवाय हवा, नाहीतर स्टँडमध्ये झाड ताठ बसत नाही. त्यानंतर उंची, काठी लावून. मग फांदी दोन बोटांत धरून स्वतःकडे ओढायची: मूठभर हिरव्या सुया गळल्या तर ते सोडायचं. आतल्या बाजूच्या थोड्या तपकिरी सुया गळणारच, त्यात काही वावगं नाही. बाईंनी अजून एक खूण सांगितली. फरची ताजी सुई वाकवली की तटकन मोडते. आकार सगळ्यांत शेवटी. विरळ बाजूचं आप्पांना काहीच वाटलं नाही. “ती भिंतीकडे करायची. भिंतीकडची बाजू कोण बघतंय?”

या क्रमाने बघायला लागल्यावर अर्धा तासही लागला नाही. ओळीतली बहुतेक झाडं बुंध्यावरच बाद होत गेली आणि उरली तीन. त्यातलं एक सईने निवडलं, नोबल, पावणेसात फुटांचं.

तोडताना एकाने झाड किंचित कललेलं धरावं लागतं, नाहीतर करवत अडकते. नवरा ताडपत्रीवर आडवा झाला, मी धरलं, शेवटचे चार हात सईने मारले. शेडमध्ये यंत्रावर झाड उभं करून गदागदा हलवतात. सुकलेल्या सुया, किडे, एखादं जुनं घरटं असेल तर तेही पडून जातं. मग ते एका नळकांड्यातून ओढून जाळीत गुंडाळतात. हे काम करणारे दोघे मेक्सिकोहून आलेले. इथल्या मळ्यांतली लागवड, उन्हाळ्यातली छाटणी, तोडणी, सगळं बव्हंशी त्यांच्याच हातचं. विलामेट खोऱ्यातल्या मोठ्या मळ्यांत नोव्हेंबरात झाडांच्या मोळ्या हेलिकॉप्टरने उचलून ट्रकपाशी आणतात, कारण चिखलाच्या उतारावर गाडी जात नाही आणि कॅलिफोर्नियाला वेळेत माल पोचवायचा असतो. आप्पांनी त्या दोघांशी हातवारे करून बरंच बोलून घेतलं. मजुरीचा दर त्यांनी मला विचारायला लावला. मी नाही विचारला.

गाडीच्या टपावर झाड बांधताना बुंधा पुढच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे वाऱ्याने फांद्या मोडत नाहीत. पैसे दिले ते शंभराच्या आसपास झाले. मॉलमध्ये एवढे पैसे कुठे गेले ते कळत नव्हतं. या शंभरातला प्रत्येक डॉलर मला आप्पांच्या हिशेबामुळे दिसत होता. दहा वर्षांची जमीन, मेलेली रोपं, छाटणी, मजुरी. महाग वाटलंच नाही.

घरी आल्यावरची काळजी मी सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा खरं झाड आणणाऱ्यांचं इथेच चुकतं. तोडलेल्या जागी चीक सुकून धरतो आणि झाड पाणी ओढेनासं होतं. त्यामुळे स्टँडमध्ये ठेवण्याआधी बुडाची अर्धा ते एक इंचाची चकती पुन्हा कापायची आणि लगेच पाण्यात ठेवायचं. बुंधा स्टँडमध्ये मावत नाही म्हणून त्याची साल तासायची नाही; पाणी चढतं ते सालीलगतच्या थरांतूनच. अंदाज असा की, बुंध्याच्या दर इंच व्यासाला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागतं. आमच्या चार इंची झाडाने पहिल्या रात्रीतच स्टँड रिकामा केला. साखर, औषध, काही घालू नये. साधं नळाचं पाणी पुरतं. पाणी कापलेल्या भागाच्या खाली गेलं की पुन्हा चीक धरतो आणि झाड सुकायला लागतं. सुकलेलं झाड क्षणात पेट घेतं, म्हणून त्याच्याजवळची हीटरची जाळी आम्ही बंद करून टाकली, एलईडी दिवे लावले आणि झोपताना तेही बंद. पाणी घालायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री दादाला फोन करायच्या आधी, गुडघ्यांची कुरकुर सोसून ते खाली वाकून तांब्याने पाणी घालायचे. झाड जानेवारीपर्यंत हिरवंगार राहिलं.

झाड आणल्यानंतरचे दोन आठवडे यादी संपलेली नव्हती, पण मी दुकानात जाणं थांबवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या सहकाऱ्याच्या टीममधल्या बाईंना सरळ फोन करून विचारलं, त्याला काय आवडतं? तो सायकलने येतो, त्याला पावसात घालायचे हातमोजे हवे आहेत, असं कळलं. पाच मिनिटांचं काम. शेजारच्या आजी-आजोबांना आईने बेसनाचे लाडू केले आणि आजींनी दुसऱ्या दिवशी येऊन कृती लिहून नेली. बाकीच्यांना कार्ड. नाशिकच्या भाचरांना काय हवं ते दादाकडून विचारून घेतलं, आणि ज्या वस्तू नाशिकमध्येच मिळतात त्या इथून न्यायच्या नाहीत असं ठरवलं.

जानेवारीत झाडाचं काय करायचं, हा सईचा प्रश्न होता. कचऱ्याची गाडी पालापाचोळ्याबरोबर झाडं नेते आणि त्याचा भुगा होतो. पण आमच्या भागात ट्राउट अनलिमिटेड या संस्थेची तुआलाटिन खोऱ्याची शाखा आहे. तिचे स्वयंसेवक ख्रिसमसनंतरची झाडं गोळा करून किनाऱ्याकडच्या ओढ्यांच्या संथ पाण्यात नेऊन ठेवतात. कोहो जातीच्या सामन माशांची पिल्लं समुद्रात जाण्याआधी वर्षभर गोड्या पाण्यात राहतात. पूर्वी ओढ्यांत पडलेल्या झाडांच्या फांद्यांत त्यांना आसरा मिळायचा; जंगलतोडीनंतर तो गेला. या झाडांच्या फांद्यांत ती पक्ष्यांपासून लपतात आणि फांद्यांवर जमणारे बारीक जीव खातात. अट अशी: झाडावर चमकीचा एक धागाही राहता कामा नये आणि कृत्रिम बर्फाचा फवारा मारलेलं झाड चालत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून एकेक फांदी तपासली. आप्पांनी चष्मा लावून दोनदा.

आई-आप्पा जानेवारीच्या शेवटी परत गेले. निफाडला तेव्हा बागेची काढणी सुरू झाली होती. मार्चमध्ये मी त्या मळ्याच्या बाईंना फोन केला, कारण आप्पांनी त्यांना विचारायला सांगितलं होतं की, नोबलला मूळकूज होते का. होते, आणि फार होते. पाणी साचणाऱ्या जड जमिनीत नोबलची मुळं कुजतात, म्हणून इथले बरेच शेतकरी आता त्याऐवजी कॉकेशस पर्वताकडचं नॉर्डमन फर आणि तुर्कस्तानचं फर लावू लागले आहेत. बाईंनीही नोबलच्या खालच्या पट्ट्यात नॉर्डमन लावलं आहे. ते तोडणीला यायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. नोबलचा वरचा पट्टा पुढच्या दोन डिसेंबरांना पुरेल एवढा शिल्लक आहे. आप्पांना हे कळवलं तर त्यांनी विचारलं, “चर काढलेत का पाणी जायला?” ते विचारायचं राहिलं आहे. येत्या डिसेंबरात गेले की विचारीन.